कुब्ब्यातली नवरी

३ मार्च
त्रिपोलीहून वाळवंटातल्या घदामेसला पोचले! जुन्या गावातल्या सत्तर घरांची मोजणी माझ्याकडे आहे. पहिली नोकरी, घरातली पहिली पदवीही माझीच. तिच्याच जोरावर आईला लग्नाची बोलणी वर्षभर थांबवायला लावली आहेत. माणसं केव्हाच नव्या वस्तीत गेली. इथे उरल्या मातीच्या भिंती, खजुराच्या झाडांतला झरा, झाकलेल्या अंधाऱ्या गल्ल्या. गल्ल्या पुरुषांच्या, गच्च्या बायकांच्या, ही जुनी वाटणी. किल्ल्या सांभाळणारी तुर्किया खाला मला गच्च्यांवरूनच घेऊन गेली. पदवीवाल्यांना दम फार लवकर लागतो, म्हणाली.

५ मार्च
पाचवं घर. बैठकीच्या कोपऱ्यात कुब्बा, म्हणजे नवरीला बसवायची एवढीशी खोली. लाल नक्षी, भिंतभर आरसे. मापं घ्यायला आत बसले. खालाचा चेहरा उतरला.
"ऊठ पोरी. बिनलग्नाची बसली, तर घरच तिचं लग्न लावतं."
मग आईचा खर्च वाचला, म्हटलं. ती हसली नाही. मी मुद्दाम आणखी दहा मिनिटं बसले.

६ मार्च
भर दुपारी गच्चीवर बायकांची पावलं. वर पाहिलं, कोणी नाही. जरा डोळा लागला. उठले तर तळव्यांवर मेंदी. घासून धुतली. निघत नाही. काम चालू ठेवलं.

८ मार्च
सहाव्या घराचं दार उघडलं. आत पाचवंच घर. सातव्यातही तेच. कुब्ब्याबाहेर पुरुषाच्या चपला.
खाला म्हणते, त्रिपोलीला पळ. काम अर्धवट टाकून गेले तर आई म्हणेल, हौस फिटली, आता लग्न कर. नाही जाणार. सुटका कशी, विचारलं. तिने सांगितलं : बाई कुब्ब्यात दोनदाच बसते. एकदा नवरी म्हणून, एकदा नवरा गेल्यावर. त्यानंतर कुब्ब्याचा तिच्यावर हक्क नाही.

९ मार्च
बायका जिन्यावर. गाताहेत — माझं नाव घालून —
खाला दाराबाहेर रडते आहे. तिची चादर मागून विधवेसारखी पांघरली. केस सोडले. आपल्या पायांनी आत जाऊन बसले.

आरशात तो. माझ्या शेजारी. मान वळवली नाही.
मोठ्याने म्हणाले, "माझा नवरा मेला."
गाणं थांबलं. एक बाई हुंदका देते — मग दुसरी —
मेंदी फिकी होते आहे —

तो वाकला. कानाशी विचारतो, कशाने मेलो?
सांगते. घाबरत नाही मी. लिहूनच देते. तुला मी मारलं —