वाळूतली पावलं

अण्णा, जय भीम.

टीव्हीवर तुम्ही डोळे लावून बघायचात, त्या समुद्रकाठच्या जुन्या गोल्फ मैदानावर आज खेळलो. आपल्या दोघांची नावं वर्षापूर्वीच नोंदवली होती. तुमचं नाव पुकारलं, तेव्हा "नाही आले" एवढंच म्हणालो. वारले म्हणून सांगवेना.

पहिल्याच फटक्याला बॉल वाळूत पडला आणि मी टाळी वाजवली. सोबतचे दोघे गोरे बघतच राहिले. इथं वाळू म्हणजे बॉल अडकायचा खड्डा. त्यांना काय सांगू, की आमच्या भिंगारच्या मैदानात गवत जगत नाही, तिथं होलभोवती हिरवळीऐवजी, उडू नये म्हणून तेल घातलेली वाळूच असते? सोमवारी मैदानाच्या माळ्यांना खेळू द्यायचे, तेव्हा माझा बॉल वाळूत पोचला की माझा माळी बाप टाळ्या वाजवायचा?

कसाबसा बॉल बाहेर काढला. मग दाताळं घेऊन वाळू सारखी केली. भिंगारला तुम्ही वाळूवरून गोणपाट ओढायला लावायचात, "मागून येनाऱ्याला आपलं पाऊल दिसाय नको" म्हणून.

पुसताना पाहिलं, सगळी पावलं माझीच होती. तुमचं एखादं असतं, तर तेवढं नसतं पुसलं.

तुमचा,
प्रवीण