सुखीबाईंचा जबाब नव्याने नोंदवून घेणेबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
किसानदीप विमा कंपनी, यवतमाळ

विषय : श्रीमती सुखीबाई राठोड यांनी सद्हेतूने दिलेला खोटा जबाब रद्द करून खरा जबाब नोंदवून घेणेबाबत.
संदर्भ : आपले दावा नामंजुरीचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार घनश्याम ढोले हे दिग्रस येथील गुलमोहर गृहनिर्माण संस्थेचे सचिव आहेत. संस्था व मालकवर्गासाठी कायद्यातील व विम्यातील नवे बदल सांगणारे शिबिर यवतमाळला झाले, त्यास ते हजर होते. गेटवर माणूस ठेवला की संस्था मालक ठरते, हे त्यांना तेथे प्रथमच कळले. सभेत तसे सांगताच सभासद जमनाबाई म्हणाल्या, "घरात माहं कोणी आयकत नाही, अन् मी मालक कवा झाली?" तरीही ठराव होऊन गेट सांभाळणाऱ्या सुखीबाईंचा अपघात विमा काढण्यात आला.

२. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आवारात लेकरे लाकडी बैल सजवून उभी असताना खराखुरा मोकाट वळू गेटवर चालून आला. सुखीबाईंनी गेट लोटून अंगाने दाबून धरले. वळूच्या धडकेने गेट वाकले व बाईंचा उजवा हात मोडला. एकाही लेकराला खरचटले नाही.

३. आपले चौकशी अधिकारी दवाखान्यात आले ते दुर्दैवाने खाकी पँट घालून. "कामावर असताना लागलं का?" असे त्यांनी विचारता बाई म्हणाल्या, "नाही जी. मी तं घरी झोपून होती. ढोलेभाऊचा काही दोष नाही, लय गरीब माणूस हाय." अर्जदार मागे उभे राहून खरे सांगण्याच्या खुणा करीत होते. बाईंनी त्या 'मले वाचवा' अशा वाचल्या व आणखी ठासून सांगितले की, गावात वळूच नाही.

४. दावा नामंजूर झाल्यावर अर्जदारांनी रागाने विचारले, "बाई, खोटं काहून बोलल्या?" बाई म्हणाल्या, "तुमाले धरून नेलं असतं तं? घरी तुमाले चहा करता येत नाही, जेलात काय केलं असतं?" यावर अर्जदारांचा राग उरला नाही, हे नमूद करणे त्यांना आवश्यक वाटते.

५. शस्त्रक्रिया सभासदांनी अडू दिली नाही. तथापि हात पूर्ववत होण्यास बराच काळ लागणार असून तोवर बाईंना विम्याचाच आधार आहे. सबब जबाब पुन्हा घ्यावा. येणाऱ्या अधिकाऱ्यांनी कृपया दुसऱ्या कोणत्याही रंगाची पँट घालावी.

६. बाई खरे सांगण्यास राजी आहेत, पण त्यांनी परवाच्या सभेत एक विचारणा केली : "माहा इमा काढला, मंग ढोलेभाऊचा काहून नाही? इथं फुकटात राबते तो तं तोच." नंतर सचिवांचाही विमा काढण्याचा ठराव झाला. अर्जदार मतदानात तटस्थ राहिले. तरी त्या विम्याचा कोरा अर्जही पाठवावा, ही विनंती.

आपला नम्र व विमा नसलेला,
घनश्याम ढोले, सचिव
दिग्रस, दि. २९ सप्टेंबर २०२५

सोबत : डॉक्टरांचा दाखला, वाकलेल्या गेटचा फोटो, सुखीबाईंचे निवेदन (उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने डावा अंगठा).