वरच्या कुंडाचं तापमान

शनिवार, ४ मार्च
डोंगरावरच्या गरम पाण्याच्या कुंडाचं तापमान आज ८३ अंश! बाकीचे सहा दिवस ९१. सलग तिसरा शनिवार. दोनदा मोजलं. लारोंद इंजिनिअर फोनवर म्हणाले, "पाणी खरंच थंड होत असेल तर वाफेची विहीर बंद. वाफेवर चालणारं वीजघर विसरा." म्हणजे स्वस्त वीज नाही, फळं वाळवायचा कारखाना नाही, आणि माझा भाऊ फ्रेडो शेजारच्या ग्वादलूप बेटावरच दुसऱ्यांचे ऊस तोडत राहणार. घरात लिहिता येणारी मी एकटी, म्हणून रोजचे आकडे नोंदवायची ही नोकरी मला. मीच आकडा चुकवत असेन तर?

रविवार, ५ मार्च
चर्चमध्ये सगळे 'आमेन' म्हणाले. मी 'त्र्याऐंशी' म्हणाले. आईने चिमटा काढला.

शनिवार, ११ मार्च
झाडामागे लपून बसले. अकरा वाजता गावातली मा ऑर्टान्स आली, मागे सात बायका. प्रत्येकीच्या हातात पोतडी—अळूचे कांदे, कच्ची केळी, अंडी. सगळ्या पोतड्या वरच्या कुंडात! आणि दोऱ्या कशाला बांधल्या? माझ्या थर्मामीटरच्या खुंटीला!

मी ओरडत धावले. "अगं मा, शिजवायला खालचं कुंड आहे ना!"

"तिथे खुंटी कुठाय? सरकारने किती छान लावून दिली आहे इथे. मी तर पाद्रीबाबांना आभार मानायला सांगणार होते."

"तुमच्या गार पोतड्यांनी वीजघरच होणार नाही!"

"ऐका गं! अख्खं वीजघर म्हणे माझ्या केळ्यांना घाबरतं!"

तेवढ्यात मला निळ्या दोरीची पोतडी दिसली. ती आमची. बायकांच्या मागे उभी असलेली आई दुसरीकडे बघत होती. म्हणजे गेले तीन शनिवार घसरलेलं तापमान मीच मिटक्या मारत खाल्लं!

सोमवार, १३ मार्च
खोटं लिहिणं जमणार नव्हतं. कारणाच्या रकान्यात लिहिलं—'भूगर्भातील बिघाड नाही. अळूचे कांदे.' आता नोकरी जाणार.

मंगळवार, १४ मार्च
गेली नाही! ऑफिसात म्हणे हसून हसून अर्धा तास काम बंद होतं. लारोंद साहेबांनी एवढंच विचारलं, "अंडी किती मिनिटांत होतात?"

बुधवार, १५ मार्च
खालच्या कुंडाशी आठ खुंट्या मी स्वतः ठोकल्या. मा ऑर्टान्सने एकेक हलवून पाहिली. "बघ, शेवटी शिक्षण कामाला आलं."

आजच वर विहिरीतून वाफ सोडायला सुरुवात झाली. केवढा आवाज! फ्रेडोला फोनवरून ऐकवला. तो म्हणाला, "मी तिकीट काढतो!"

शनिवार, १८ मार्च
आठही पोतड्या खाली. वरच्या कुंडात कुणाचं काही नाही, फक्त वर विहिरीतून वाफ बुधवारपासून सुटतेच आहे. ८२. तीनदा मोजलं.

खालून मा ऑर्टान्स ओरडली, "पोरी, तास झाला, केळी अजून कच्चीच कशी गं?"

आकडा लिहिला. शाईने. मग फ्रेडोला फोन लावला—तिकीट काढू नकोस.