घरी बरोबर, ग्रीनवर तोकडा

सोम. ६ ऑक्टो.
गोल्फ क्लब बंद. सकाळपासून खोलीतच पटिंग, चेंडू हलकेच भोकात घालवायचा सराव. संतोषने परवा आणून दिलेली प्लॅस्टिकची चढण मॅटच्या टोकाला. चेंडू नेमक्या जोरात गेला की वरच्या खळग्यात बसतो, जोर जास्त झाला की घरंगळत परत येतो. आज बहुतेक बसले. रंजना वैतागली, "पलंग उभा केलाय, आता जेवायचं कुटं?"

खेळणाऱ्यांच्या बॅगा वाहणाऱ्या आम्हा कॅडींतून एकच जण कोचच्या हाताखाली मदतनीस घेणार, कायमचा. चाचणी रविवारी, फक्त पटिंगची. माझं नाव आहे, संतोषचंही. मग स्वतःची चढण त्याने मला का द्यावी? "मैतर हाय म्हनून," रंजना म्हणाली. बायकोला सगळं जग चांगलंच दिसतं.

बुध. ८
खेळ संपल्यावर ग्रीनवर, भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, एका मेंबर सरांनी आपला पटर, पटिंगची काठी, हातात दिला. "मार एक." तोकडा. दुसराही तोकडा, चांगला हातभर. घरी खळग्यात बसतो आणि इथे भोकापर्यंत पोचत नाही. संतोष बाजूलाच बॅगा पुसत होता. हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.
त्या चढणीत त्याने काहीतरी करून ठेवलंय.

गुरु. ९
चढण उलटीपालटी करून पाहिली. तासलेली नाही. मेणबिण लावलं असेल म्हणून साबणाने धुतली. फरक शून्य.
टपरीवर क्लबच्या शिपायाशी सहज बोललो, की लोकांची सरावाची साधनं घेऊ नयेत, काय करून देतील नेम नाही. नाव घेतलं नाही. पण त्याला कळायचं ते कळलं.

शुक्र. १०
रंजनाने फरशी धुवायला बादली ओतली. पाणी सरळ दाराकडे पळालं. ढाळ! मॅटही दाराकडेच. म्हणजे इतके दिवस मी उतारावरून मारतोय, आणि हाताला कमी जोराची सवय लागलीये. डोकं बडवून घ्यावंसं वाटलं.

घरमालकीण मावशींना विचारलं. "आरं, हितं गोठा व्हता. जनावरांचं मूत भाईर जावं म्हनून ढाळ ठिवलेला. खोल्या काढल्या तवा ढाळ तसाच ठिवून वरनं फरशी बशिवली."
कुणी बसवली?
"संतोषच्या बापानं. पोरगं बी यायचं की घमेली उचलायला."

आणि मॅट अंथरून दिली कुणी? संतोषनेच. दाराकडे तोंड करून.
रंजना म्हणते, दारातून उजेड येतो म्हणून. असेलही. पण ज्याने या खोलीत घमेली वाहिली, तो ढाळ विसरेल?

शनि. ११
मॅट आणि चढण आतल्या भिंतीकडे फिरवली. आता जोर जास्त लागतो. खरा कुठला? दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. हात पार बावचळलाय. सरळ लिहितो, भीती वाटतेय. कॅडीच्या कमाईत भागत नाही; ही जागा हुकली तर पुन्हा तळेगावच्या कंपनीत कंत्राटी.

संध्याकाळी संतोषचा फोन. "लय तोकडं मारतोय तू, मी बघितलं. उद्या उजाडता उजाडता ये. माळी काका सराव ग्रीनवर सोडत्याल. सपाटीला हात बसंल. कुनाला बोलू नको."

चाचणीच्या दिवशी आधीच जो ग्रीनवर दिसेल त्याचं नाव कापणार, हे कोचनी सगळ्यांदेखत सांगितलंय. विचारलं, तू येतोयस? "मी कशाला? माजा हात बसलाय."

टपरीवरचं माझं बोलणं त्याच्या कानावर गेलं असेल का? गेलं असेल तर हा सापळा. नसेल तर...
नाही गेलो तर उद्या तोकडाच मारणार, हेही खरं.

"जावा," रंजना म्हणाली. "एवडं बोलावतोय मानूस."
म्हटलं, आणि तिथे कोच उभे असले तर?
"तर मग कळंल की तुमचा मैतर कसा हाय ते."

तिला उद्या कळलं तरी चालेल. मला आज कळायला हवं.