दाजींच्या निकालावर अर्ज

अंबड,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. इंद्रायणीअक्काला त्रिंबकचा नमस्कार,

थंडीत तुझे गुडघे धरतात म्हणून रेणूनं नणंदेसाठी निरगुडीचा पाला वाळवून ठेवला आहे. आष्टीकडे येणारं कुणी भेटलं की पाठवतो. म्हैस व्याली, वगार झाली. दाजींना नमस्कार शेवटी लिहीन. फोनच केला असता, पण तुझा फोन तेच उचलतात.

धर्मराजचं रान मी वर्षाला ठरीव खंडाचे पैसे देऊन नऊ वर्षांच्या ठोक्यानं कसायला घेतलं आणि त्याच्या तोंडी होकारावर मोसंबी लावली, हे तुला माहीत आहे. चौथ्या वर्षी झाडं खांद्याला लागली आणि त्याला बागेचा वाढीव खंड आठवला. कोर्टकचेरी नको, लवाद नेमू, असं ठरलं तेव्हा दाजींचं नाव त्यानंच घेतलं. "तुमचे दाजी ग्रामसेवक होते, सरळ माणूस हाय, मला चालतेत." मला तर आनंद झाला. लवाद घरचा, म्हणजे निकालही घरचा. एवढा बिनडोक मी.

ऑगस्टात निकाल आला. वाढीव खंड द्या, नाहीतर गुढीपाडव्याला झाडांसकट रान सोडा. हे दाजींनी तुला सांगितलं असेल. त्यांनी सांगितलं नसेल ते मी सांगतो.

बैठक आमच्याच ओसरीवर झाली. धर्मराज तासभर बोलला. मग दाजींनी मला विचारलं, "त्रिंबक, त्यानं होकार दिल्ता म्हणतोस, कुणी ऐकलं का?" ऐकलं होतं. रोपं उतरवायला शेजारच्या मालनबाई होत्या, हाक मारली असती तर आल्या असत्या. पण तुझ्या नवऱ्यापुढे बसून साक्षीपुरावे कसे मांडायचे? जावयासमोर बाबांनी आपल्याला कधी मान वर करू दिली नाही. मी म्हणालो, "तुमी म्हणाल ते." त्यांनी परत विचारलं. तिसऱ्यांदा चिडले, "आरं, आत्ता मी तुझा दाजी न्हाई. बोल की." मी त्यांच्यापुढे पानाचं तबक सरकवलं.

वकील म्हणाले, निकाल चुकला एवढ्यानं कोर्ट तो मोडत नाही. लवादानं एका बाजूला बोलूच दिलं नाही असं असेल तर बघता येतं, तेही तीन महिन्यांच्या आत. "बोलू दिलं का तुम्हाला?" मी खाली बघत राहिलो. तेवढ्यावर त्यांनी 'लवादानं बोलू दिलं नाही' असा अर्ज लिहिला आणि मी सही केली.

अक्का, भाऊबीजेला तू ओवाळलंस तेव्हा त्या सहीला आठ दिवस झाले होते. तू दाजींचा निरोप दिलास, "त्रिंबकला म्हणावं, राग धरू नको." मी मान खाली घालून लाडू खात होतो. आज जालन्याला जाऊन अर्ज दाखल केला. नोटीस धर्मराजला जाईल आणि तो ती दाजींना दाखवल्याशिवाय राहायचा नाही. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. आता दाखवलं ते मेहुण्यानं.

अर्ज टिकेल असं वकिलांनाही वाटत नाही. म्हणजे बागही जाणार आणि तुझं घरही मला बंद होणार. अर्ज मागे घेतो, असं लिहायलाच दुपारी बसलो होतो. मग बागेत गेलो. पहिला बहार धरायचा तर आता झाडांचं पाणी तोडायला लागतं, तेव्हा कुठं ती पुढं फुलावर येतात. रेणूनं विचारलं, "तोडायचं का? पाडव्याला आपण इथं नसलो तर?" मी म्हणालो, तोड. दोनशे झाडं मी हातानं लावली आहेत. अर्ज खोटा आहे, तरी माझ्यानं तो मागे घेववत नाही. मला माझी लाज वाटते.

हे पत्र फाडू नको. दाजींनी ते कोर्टात दिलं तर माझा अर्ज तिथेच संपेल, हे मला कळतं. काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा.

दाजींना नमस्कार लिहायचा राहिला. त्या अर्जावर सही केलेल्या हातानं तो लिहवत नाही.

तुझा,
त्रिंबक