एकेचाळीस सामने, शून्य गोल

३ मार्च, सोमवार. सकाळी साडेसहा.
काल परत हरलो. ०–३. सलग अकरा सामने, एकही विजय नाही. राजधानीत, मॉनरोव्हियात, लोक आता देशाच्या टीमला शिव्याही देत नाहीत, हे जास्त वाईट.
मी बेंचवरच. नऊ वर्षं तिसरा गोलकीपर, एकेचाळीस सामने. माझ्यावर झालेले गोल: शून्य. असा रेकॉर्ड देशात कुणाचा आहे? कोच डोलोंना हा आकडा कधी दिसणार?
उद्यापासून बीचवर रोज पाच किलोमीटर. रात्री भात बंद.

४ मार्च
पळालो नाही. वाळू फार मऊ आहे. गोलकीपरला कडक जमीन लागते.

८ मार्च, शनिवार
काकाटा गावच्या शाळेत खेळाच्या मास्तरची जागा आहे म्हणे. यासाने, म्हणजे बायकोने, शोधून आणली. हेडमास्तर बावीस तारखेपर्यंत थांबणार. मी तिला समजावलं, तेवीसला मॅच आहे, त्यानंतर परदेशी क्लबांचे फोन येतील, तेव्हा काकाटात कोण सापडणार?  ती भाजीसाठी कसाव्याचा पाला जरा जोरात कुटायला लागली.
सासूबाईंना मात्र राहवलं नाही. "जावईबापू, त्या बाकाला तुमचा आकार आलाय. निदान बाक तरी घरी घेऊन या."
रात्री भात खाल्ला. तो पाला नुसता खाता येत नाही.

१४ मार्च
तेवीसला नुसती बरोबरी झाली तरी आपण स्पर्धेत टिकतो. पहिला गोलकीपर सेकू, वय तेवीस. हात चांगले, पण अनुभव? माझे आकडे टाइप करून कोचना दिले. त्यांनी वाचले, कागदाची घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. म्हणजे जवळच ठेवला.

२० मार्च
दुसऱ्या गोलकीपरला मलेरिया. मी आता दुसरा. तो बरा व्हावा म्हणून प्रार्थना केली. मॅच झाल्यावर, सोमवारी.

२२ मार्च, शनिवार
हेडमास्तरांचे दोन फोन. उचलले नाहीत. एकाग्रता बिघडते.
संध्याकाळी यासा म्हणाली, "फ्लोमो, मी दमले रे."
मी म्हणालो, प्रॅक्टिस करून मीही दमलोय.

२३ मार्च, रविवार. संध्याकाळी सात.
एकसष्टाव्या मिनिटापर्यंत १–१. अख्खं स्टेडियम उभं राहून गात होतं. मग सेकू त्यांच्या स्ट्रायकरवर आदळला. स्ट्रेचर आलं. कोचनी बेंचकडे बराच वेळ पाहिलं. ग्लोव्हज घातलेला मी एकटाच होतो.
ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "काही करू नकोस. फक्त उभा राहा."
पहिला गोल तीस मीटरवरून. डोळ्यांवर ऊन. ऊन पाठीमागे होतं, पण चकाकी असतेच.
दुसरा: माझी किक सरळ त्यांच्याच माणसाच्या पायात. वारा.
तिसरा दोन पायांमधून. कारण अजून सापडलेलं नाही.
१–४. आपण बाहेर.
कुणी बाटल्या फेकल्या नाहीत. लोक उठले आणि गुपचूप निघून गेले. बाटल्या परवडल्या असत्या.
घरी यासाने ताट वाढलं. सासूबाईसुद्धा गप्प. तेव्हा भीती वाटली.

२४ मार्च, सोमवार
सकाळी काकाटाला फोन केला. जागा शनिवारीच भरली.
टोपी डोळ्यांवर ओढून बाजारात जायला रिक्षात बसलो. शेजारी मासळीची टोपली घेतलेल्या दोन बायका. ड्रायव्हर कालच्या गोलकीपरचा उद्धार करत होता. तो आंधळा होता की झोपला होता, यावर बायकांचं भांडण. एकीने विचारलं, तुम्ही पाहिली का मॅच? अगदी समोर बघून विचारलं. नऊ वर्षं देशाची जर्सी घातली, आणि माझा चेहरा तिघांपैकी एकालाही माहीत नव्हता.
पाहिली, म्हणालो.
मग तुम्हीच सांगा, ड्रायव्हर म्हणाला.
"वय झालंय त्याचं," मी म्हणालो. "केव्हाच सोडायला हवं होतं."
"मग त्याला कुणी सांगत कसं नाही?"
"सांगत होते," मी म्हणालो. "सगळेच सांगत होते."