कॅरॅव्हॅनची मऊ फळी

लेस्टर, गुरुवार, जून १९८७

रविवारी सकाळी आमच्या कॅरॅव्हॅनची, म्हणजे मोटारीमागे ओढायच्या फिरत्या घराची, पूजा केली. पुढच्या कोपऱ्यावर हळदकुंकू वाहून नारळ आपटला. नारळ तसाच राहिला, पत्र्याला मात्र खळगा पडला. आतून चाचपलं तर लाकडी फळीत अंगठा रुतला. भिजल्या बिस्किटासारखी फळी, आणि कॅरॅव्हॅनची सगळी पेटी तिच्यावरच बोल्टने बसवलेली.

उद्या माझा मित्र शिरीष बायकोमुलांसह ती ओढत वेल्सला नेणार. दोन वर्षं मीच तिचं कौतुक सांगत आलो, म्हणून तर त्याने मागितली. चार दिवस गप्प का बसलो? लाजेपायी? मोटरवेवर वारा सुटला तर? जपाला बसलो तरी अंगठा रुतताना जाणवतो.

आज संध्याकाळी फोन करून सांगितलं. तो हसला. "नारळ शाबूत आणि गाडी फुटली? वामन, तुझा देव इन्स्पेक्टर म्हणून बरा आहे."

"चेष्टा नको. नेऊ नकोस."

"तुला कधी कळलं?"

"रविवारी."

त्याचं हसणं थांबलं. मग म्हणाला, "पोरांच्या बॅगा भरून झाल्यात रे. सकाळी येतो. हळू चालवीन."

फोन ठेवला. बाहेर गेलो, कॅरॅव्हॅन विटांवर टेकवली आणि तिची दोन्ही चाकं काढली.